लुटुपुटूचे विधेयक, खरे तळे

कादंबरी खपावी म्हणून लेखक काय काय करतो, याची यादी मोठी आहे. प्रकाशन समारंभ, अध्यक्षांची मनधरणी, ओळखीच्या समीक्षकाला चहा. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने मात्र वेगळीच युक्ती काढली. त्याची ‘जेनिफर गव्हर्नमेंट’ ही कादंबरी २००३ साली यायची होती. तिच्याकडे लोकांचे लक्ष जावे म्हणून त्याने २००२ च्या नोव्हेंबरात संगणकाच्या जाळ्यावर एक खेळ मांडला, ‘नेशनस्टेट्स’ नावाचा. खेळणाऱ्याने एक देश काढायचा, त्याला नाव, झेंडा, चलन द्यायचे, रोज समोर येणाऱ्या प्रश्नांवर निर्णय घ्यायचे आणि त्या निर्णयांनी देश सुधारतो की बिघडतो ते पाहत बसायचे. पुस्तकाची जाहिरात म्हणून सुरू झालेला हा खेळ आजही चालू आहे. माझ्यासारख्या कादंबरीकाराला यात हेवा वाटण्याजोगे बरेच आहे, पण तो विषय वेगळा.

या खेळात देशांचे गट होतात. त्यांना प्रदेश म्हणतात. मोठ्या प्रदेशांतल्या खेळाडूंनी, कुणीही सांगितलेले नसताना, आपापल्या घटना लिहिल्या, निवडणुका घेतल्या, न्यायालये नेमली आणि प्रादेशिक कायद्यांची विधेयके मांडायला सुरुवात केली. सगळ्या प्रदेशांची मिळून एक जागतिक सभाही आहे. तिच्यात ठराव मांडायचा तर आधी आणखी दोन देशांचा पाठिंबा मिळवावा लागतो. या सभेचे नाव पूर्वी ‘संयुक्त राष्ट्रे’ असे होते. २००८ साली खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाने हरकतीचे पत्र धाडले आणि खेळाला नाव बदलावे लागले. ज्या संघटनेला एवढी युद्धे थांबवता आली नाहीत, तिने हे मात्र थांबवून दाखवले.

तेव्हा आपल्या घरातला मुलगा रात्री अकरा वाजता मोबाइलवर डोके खुपसून बसला असेल, तर तो सिनेमाच पाहत असेल असे नाही. कदाचित कुठल्याशा अस्तित्वात नसलेल्या प्रदेशाच्या कलम सातच्या पोटकलम दोनवर, कधी न पाहिलेल्या माणसाशी भांडत असेल. आईबापांनी हे वाईट मानावे की चांगले? मला हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत गंभीरपणे विचार करण्याजोगा वाटू लागला आहे, कारण हा खेळ आता परदेशातल्या हौशी पोरांपुरता राहिलेला नाही.

आपल्या सरकारने तो फार आधीपासून मांडला आहे. १९६२ साली मुंबईत अखिल भारतीय प्रतोद परिषद भरली होती. शाळा-कॉलेजांतून युवा संसद भरवावी, अशी शिफारस तिथे झाली. १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत स्पर्धा सुरू झाल्या, पुढे केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये, विद्यापीठे अशी रांग लागली. २६ नोव्हेंबर २०१९ या संविधान दिनी या योजनेचे संकेतस्थळ सुरू झाले. त्यात शाळांसाठी ‘किशोर सभा’ आणि महाविद्यालयांसाठी ‘तरुण सभा’ असे दोन भाग. २०२४ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि संस्थेच्या बाहेरच्या गटांना, एकट्यादुकट्या नागरिकालाही दार उघडले. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने नवोदय आणि एकलव्य शाळांसाठी ‘आदर्श युवा ग्रामसभा’ हा उपक्रम जाहीर केला. आमच्या गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधला नवोदय विद्यालय आहे, देवरी तालुक्यात बोरगाव बाजारला एकलव्य शाळा आहे. म्हणजे लुटुपुटूचे राज्य आमच्या उंबरठ्यावर आलेच म्हणायचे.

यातली एक सभा मी जवळून पाहिली. जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र विभागाने तीन आठवडे हा खेळ मांडला होता. विद्यार्थ्यांनी ‘वैनगंगा प्रदेश’ नावाचे राज्य काढले, मंत्रिमंडळ केले, विरोधी पक्ष केला. विधेयके मोबाइलवर पाठवायची, दुरुस्त्या मोबाइलवर, मतदानही अंगठ्याने. शेवटची बैठक तेवढी सभागृहात. तिला परीक्षक म्हणून मला बोलावले. बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढलेला आणि चार कादंबऱ्या लिहिलेला माणूस कायद्याला गुण देणार, यात विनोद आहेच. पण प्राध्यापिका बाई म्हणाल्या, ‘तुम्ही कर्जाचे अर्ज तपासलेत, तसेच तपासा.’ मी तसेच तपासले.

कर्जाच्या अर्जात कारण काय, रक्कम किती, तारण काय, हे सारे माणसे झोकात भरतात. ‘परतफेड कशातून करणार’ या रकान्यापाशी पेन अडखळते. अर्जदार खरा कसा आहे ते तिथे कळते. खऱ्या विधानमंडळातही तोच रकाना आहे. विधेयकाला उद्देश आणि कारणांचे निवेदन जोडतात, आणि खर्च पडणार असेल तर वित्तीय ज्ञापन जोडावे लागते. वैनगंगा प्रदेशाच्या अकरा विधेयकांपैकी दहांना उद्देश होते, कारणे होती, भाषणेही तयार होती. पैशाचा कागद एकालाही नव्हता. दूरचित्रवाणीवर सभागृहे पाहून वाढलेल्या पोरांना आरडाओरडा, सभात्याग आणि ‘अध्यक्ष महोदय’ हे बरोबर जमले होते. जे पडद्यावर दिसत नाही ते कुठून येणार? देशभरच्या युवा संसदांत मला हीच खोट दिसते. त्या वक्तृत्वाच्या स्पर्धा होऊन बसतात.

सगळ्यात टाळ्या पडल्या धानाच्या विधेयकाला. साहजिकच होते. हा जिल्हा धानाचा. पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेश. छत्तीसगडमध्ये २०२३ च्या खरिपापासून क्विंटलला ३१०० रुपये आणि एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी सुरू झाली. केंद्राची साध्या धानाची आधारभूत किंमत त्या वर्षी २१८३ रुपये होती. सीमेवरच्या शेतकऱ्याला नदीपलीकडचा भाऊबंद एका क्विंटलमागे नऊशे रुपये जास्त मोजून घेताना दिसतो, तेव्हा त्याला राज्यशास्त्र शिकवावे लागत नाही. विधेयक एका ओळीचे होते: वैनगंगा प्रदेशातही ३१०० रुपये द्यावेत. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी बाके वाजवली.

मी विचारले, क्विंटलवर देणार की हेक्टरवर? सभागृह गप्प झाले. वास्तविक आपल्या राज्याने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे देऊन पाहिली आहेत. २०२०-२१ मध्ये क्विंटलला ७०० रुपये बोनस होता, ५० क्विंटलच्या मर्यादेत. मग २०२२ मध्ये ती पद्धत टाकून हेक्टरी १५ हजार रुपये जाहीर झाले आणि पुढच्या वर्षी ते २० हजार झाले, मर्यादा दोन हेक्टर. क्विंटलवर पैसे दिले की ज्याचे पीक जास्त त्याला जास्त, आणि परक्याचे धान आपल्या नावावर मोजून देण्याचा मोह. हेक्टरवर दिले की हिशेब वेगळा होतो. इटियाडोहच्या कालव्याखाली हेक्टरी ४० क्विंटल काढणाऱ्याला २० हजार म्हणजे क्विंटलला ५०० पडतात. सालेकशाच्या टेकाडावर पावसाच्या भरवशाने २५ क्विंटल काढणाऱ्याला तेच ८०० पडतात. म्हणजे कोरडवाहूवाल्याचे बरे झाले. पण हेक्टर मोजायचा तो सातबाऱ्यावरून, आणि जो बटईने किंवा ठेक्याने दुसऱ्याची बांधी कसतो त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. घाम त्याचा आणि बोनस मालकाचा. शाखेत असताना पीककर्जाच्या वेळी हीच माणसे दाराशी येऊन परत जात. कागद नाही तर कर्ज नाही. नियम पाळणारे आम्हीच होतो आणि नियमाच्या भिंतीपलीकडे कोण उभे आहे हे आम्हाला रोज दिसत होते.

तीन आठवडे चाललेल्या खेळात, सभागृहातल्या साठ मुलांपैकी निदान वीस जणांच्या घरी कुणीतरी बटई करत असताना, बटईदार हा शब्द एकाही दुरुस्तीत आला नव्हता. कायदा लिहिताना माणूस आपले घर विसरून वर्तमानपत्राच्या भाषेत लिहू लागतो, त्याचा हा नमुना.

इथे कुणी म्हणेल, पोरांचा खेळ, एवढे काय मनावर घ्यायचे? पण प्रदेशाचे लुटुपुटूचे राज्य काढणे ही आमच्याकडे पोरांची करामत नव्हेच, ती थोरांची परंपरा आहे. १ ऑक्टोबर १९३८ रोजी तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेने वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. १९५३ च्या सप्टेंबरात नागपूर करार झाला. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती मानली गेली नाही. करारातले वर्षातून एक अधिवेशन नागपूरला मिळाले, आणि २०२० व २०२१ मध्ये तेही मुंबईलाच झाले, करोनामुळे. ३७१(२) कलमाखाली १९९४ साली नेमलेल्या विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०१६ मध्ये विदर्भवाद्यांनी नागपुरात चक्क प्रतिरूप विधानसभा भरवली. मुंबईच्या वर्तमानपत्रांना त्यात नाटक दिसले. असेल. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर दंडार चालते, त्यातला राजा सकाळी बांधीवर धान कापायला जातो. पण रात्री तो जे बोलतो ते गावाला खरे वाटते म्हणूनच लोक पहाटेपर्यंत बसतात.

स्वतंत्र विदर्भ व्हावा की नाही, यावर या लेखात मत देणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की २८८ जणांच्या सभागृहात ज्या जिल्ह्याचे आमदार चार, त्या जिल्ह्याच्या मुलाला प्रादेशिक कायदा सुचवायचा असेल तर त्याच्यासाठी खरा रस्ता कोणता, हे त्याला कुणीतरी सांगायला हवे. रस्ता अरुंद आहे. संसदेचेच पाहा. मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली अशासकीय विधेयके आजवर फक्त १४ मंजूर होऊन कायदा झाली, आणि त्यातले शेवटचे १९७० साली. निवडून आलेल्या खासदाराची ही कथा, तर गोंदियाच्या विद्यार्थ्याची काय?

आणि तरीही अकरावे विधेयक राहिले होते. पैशाच्या रकान्याचा निदान विचार केलेले तेवढे एकच. ते मांडणारी मुलगी अर्जुनी मोरगाव तालुक्यातली, धान पिकवणाऱ्या घरातली. विषय मामा तलाव. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते, आणि कोहळी समाजाचे तळी बांधण्याचे कसब आजही लोक आदराने सांगतात. १९५१ साली मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली, पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. मालकी बदलली, पण गाळ काढायला मालकाला वेळ मिळाला नाही. या मुलीच्या विधेयकात तेवीस कलमे होती: गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, आणि धानाला शेवटचे पाणी लागेल तेव्हा तलावाचे दार उघडण्याचा हक्क शेतकऱ्यांच्या समितीला. गाळ शेतकऱ्यांनी शेतात न्यावा, म्हणजे वाहतुकीचा खर्च निम्मा होईल, असेही लिहिले होते. मला ते आवडले.

तेवढ्यात विरोधी बाकावरून एक मुलगा उठला. धीवर समाजाचा. त्याच्या वडिलांच्या मच्छीमार संस्थेने असाच एक तलाव ठेक्याने घेतलेला. ‘अध्यक्ष महोदय’ वगैरे तो विसरला आणि घरच्या बोलीत म्हणाला, ‘पाणी सारं सोडून देल्लं तं मासोऱ्या का बांधीत जगतीन?’

सभागृह हसले आणि लगेच थांबले. त्या दिवसातले हे पहिले खरे वाक्य होते. पावसाळ्यात मत्स्यबीज सोडायचे, मासळी मोठी व्हायला महिने लागायचे, आणि ऑक्टोबरात धान पोटरीत असताना पाऊस दडी मारला की शेतकरी तलावाच्या दाराशी. ज्याला पाणी हवे त्याचे पोट आणि ज्याला पाणी राहायला हवे त्याचे पोट, दोन्ही एकाच पाळीवर उभे. गावोगाव ही भांडणे होतात, पोलिसांत जातात, आणि वर्गात बाकाला बाक लावून बसलेल्या या दोघांना तीन आठवडे ती मोबाइलवर दिसली नव्हती.

बैठक संपल्यावर दोघांना बसवून मी एक गोष्ट दाखवली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत एक प्रकरण असे आहे, जे फक्त विदर्भाला लागू आहे. प्रादेशिक कायदा तो हाच, आणि तो साठ वर्षे कपाटात आहे. कलम १६१ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने गावाचे निस्तारपत्रक करायचे: पडीक जमिनीवर गुरे चारणे, लाकूड, जळण, मुरूम, माती, वाळू कुणी कशी घ्यायची. मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, गावकऱ्यांची इच्छा समजून घ्यायची, मगच तो पक्का करायचा. नंतरही ग्रामपंचायतीने मागणी केली तर जिल्हाधिकारी चौकशी करून त्यातली नोंद बदलू शकतो. आणि कलम १६५ प्रमाणे ‘वाजिब-उल-अर्ज’, म्हणजे गावातल्या वहिवाटींची नोंद: पाटपाण्याचा हक्क, वाटेचा हक्क आणि मासेमारीचा हक्क. जे दोन हक्क वैनगंगा प्रदेशाच्या सभागृहात एकमेकांशी भांडले, ते दोन्ही कायद्याने एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहायला सांगितले आहेत.

मेख पुढे आहे. कलम १६५ म्हणते की ही नोंद करायची ती सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या अथवा ताब्यातल्या नसलेल्या जमिनीची आणि पाण्याची. तलाव तर १९५१ पासून सरकारचे, मग जिल्हा परिषदेचे. म्हणजे ज्या पाण्यावरून गाव भांडते, नेमके तेच पाणी या वहीच्या बाहेर राहिले.

शेजारच्या उदाहरणाने मला थोडा धीर येतो. गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाही, त्यामुळे देवरी-सालेकशाच्या आदिवासी गावांना पेसा कायद्याचे बळ मिळत नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा सगळीकडे लागू आहे, आणि ज्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला ती आपल्या जंगलाचे नियम स्वतः करू शकते. त्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि त्यात एकतृतीयांश स्त्रिया. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला हा हक्क २००९ साली मिळाला, चंद्रपुरातल्या पाचगावला २०१२ साली. पाचगावने बांबू स्वतः विकायला घेतला आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही असे ठरवले, कारण त्यासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात आणि झाड मरते. उन्हाळ्यात हातात येणारे रोख पैसे सोडायचे, हे त्या गावाने सर्वांच्या देखत, स्वतःच्या खिशाकडे पाहून ठरवले. वित्तीय ज्ञापन याहून वेगळे काय असते?

अंगठ्याने दिलेल्या मताला असा भुर्दंड नसतो, म्हणून खेळात सगळे ठराव एकमताने होतात. पण मी खेळ बंद करा असे म्हणणार नाही. त्या सभागृहात धीवराचा मुलगा आणि शेतकऱ्याची मुलगी एका पाळीबद्दल समोरासमोर बोलली, तशी ती गावात बोलली नसती. तिथे त्यांचे बाप बोलतात, आणि ते बोलणे आपल्याला माहीत आहे. परीक्षकांच्या कागदावर वक्तृत्वाला पन्नास, वेशभूषेला दहा आणि ‘विषयाचे ज्ञान’ वीस असे गुण होते. मी बाईंना सांगितले, पुढच्या वर्षी वेशभूषा काढा आणि ‘पैसे कुठून, आणि यात कुणाचे नुकसान’ या प्रश्नाला चाळीस गुण ठेवा. त्या म्हणाल्या, कागद वरून येतो. येऊ दे. खाली पेनाने लिहिता येते.

पंधरा दिवसांनी ती दोघे माझ्या घरी आली. तेवीस कलमांचे विधेयक आता चार ओळींचे झाले होते. कलम १६५ मधले सरकार आणि स्थानिक संस्था यांना वगळणारे शब्द माजी मालगुजारी तलावांपुरते काढावेत, आणि नोंद करताना शेतकरी व मच्छीमार संस्था दोघांचे म्हणणे एकाच बैठकीत ऐकावे. शेवटची अट त्या मुलाने घातलेली. आमदारांकडे जाण्याआधी आपल्या गावाची जुनी वाजिब-उल-अर्ज पाहावी, म्हणून दोघे तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन आली होती. लिपिकाने आधी विचारले, हे कोणत्या योजनेचे आहे? मग सोमवारी या म्हणाला. खाली ‘खर्च’ असे लिहून त्यांनी एकच बाब टाकली होती, नकलेची फी, आणि रकमेची जागा सोमवारसाठी मोकळी ठेवली होती.